दादा संचित रजेवर येणार आहे. जामीनदार मी व्हावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ३४ वर्षांचे असून पुण्यात नोकरी करतात. मूळ गाव सांगली जिल्ह्यात आहे. वडील वारले तेव्हा थोरल्या भावाची नुकतीच दहावी झाली होती. त्याने शिक्षण सोडले, शेती आणि दोन म्हशी सांभाळल्या आणि धाकट्याला अभियांत्रिकीपर्यंत शिकवले. २०२० मध्ये बांधावरून झालेल्या भांडणात थोरल्याच्या हातून भावकीतल्याच एका माणसाचा जीव गेला. २०२३ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यासाठी त्याला १० वर्षांची सश्रम कारावासाची शिक्षा झाली आणि आता तो कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आहे. वहिनी मुलाला घेऊन माहेरी राहते. धाकटा दर महिन्याला मनिऑर्डर करतो, पण गेली दोन वर्षे तो मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, गेलेला नाही. मधल्या काळात त्याने पुण्यात घर घेतले. ‘त्याच्या जिवाला लागेल’ असे आईने म्हटल्यामुळे ते दादाला कळवलेले नाही. आता दादाने संचित रजेचा अर्ज करताना जामीनदार म्हणून धाकट्याचे नाव दिले आहे. पोलीस ठाण्यातून चौकशीचा फोन आला, पत्नी घाबरली आहे, आणि ‘सही करावी का?’ असे विचारून प्रश्नकर्त्यांनी शेवटी एक ओळ लिहिली आहे : ‘दोन वर्षांनी कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर जाऊ?’

मी गेली २४ वर्षे कोल्हापूर आणि सांगली भागात बंद्यांच्या कुटुंबांबरोबर समाजकार्य करतो. माझ्याकडे येतात त्या बहुतेक आया आणि बायका. भावंडे क्वचित येतात, उशिरा येतात, आणि आली की एखाद्या कागदाबद्दल विचारतात. वकीलपत्र, मुखत्यारपत्र, सातबारा, जामीन. तुमचाही प्रश्न कागदापासून सुरू होतो आणि शेवटच्या ओळीत खरा होतो. माझे उत्तर आधीच सांगतो, कारण फाइल थांबणार नाही : सही करण्याआधी दादाला भेटा. भेटल्यानंतर तुम्ही बहुधा सही कराल. नाही केलीत, तरी तो नकार त्याला तुमच्या तोंडून कळला पाहिजे. पोलीस ठाण्याच्या अहवालातून कळता कामा नये.

या सहीचा अर्थ नीट समजून घ्या, कारण तुमच्या पत्नीची निम्मी भीती अर्थ न कळल्यामुळे आहे. महाराष्ट्रात शिक्षा झालेल्या बंद्याला मिळणाऱ्या रजा मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. संचित रजा, जिला सगळे फर्लो म्हणतात, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. दोन्ही १९५९ च्या नियमांखाली मिळत आल्या आहेत आणि त्या नियमांत वेळोवेळी बदल होत आले आहेत. अभिवचन रजेला कारण लागते. घरातले गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न. संचित रजेला तसे विशेष कारण दाखवावे लागत नाही. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या माणसाचा घराशी असलेला धागा तुटू नये आणि भिंतींच्या आतल्या एकसुरी दिवसांचा त्याच्यावर होणारा परिणाम थोडा कमी व्हावा, हाच तिचा हेतू आहे. ती नाकारताच येणार नाही असा बंद्याचा हक्क नाही, पण नियमात बसणारा आणि आत वर्तणूक चांगली असलेला बंदी तिची अपेक्षा ठेवू शकतो. आणखी एक फरक पुष्कळांना माहीत नसतो : संचित रजेचे दिवस शिक्षेतच धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत.

या रजेसाठी बंद्याला घरी ठेवून घेण्यास तयार असलेला आणि जामीनपत्र लिहून देणारा नातेवाईक लागतो. म्हणून पोलीस तुमच्याकडे विचारणा करत आहेत. तो रजेच्या ठिकाणी राहील, घातलेल्या अटी पाळेल आणि ठरलेल्या दिवशी परत जाईल याची हमी तुम्ही देता. तो परतला नाही, तर जामिनाची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. त्याचा गुन्हा तुमच्या नावावर लागत नाही. तुमच्या नोकरीतली चारित्र्य पडताळणी तुमच्या स्वतःच्या नोंदीची असते, भावाच्या नोंदीची नव्हे. तो उशिरा परतला, तर मोठे नुकसान त्याचेच होते : शिक्षेतली माफी कापली जाते, पुढची रजा अवघड होते आणि पळून गेल्याचा नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून रजा संपण्याच्या दिवशी त्याला एकट्याला एसटीत बसवून देऊ नका. स्वतः दरवाजापर्यंत सोडायला जा. शेवटच्या दिवशी पाय जड होतात. चांगल्या वर्तणुकीची माणसेही त्या एका संध्याकाळी ‘उद्या जातो’ म्हणालेली मी पाहिली आहेत.

आता तो राहणार कुठे, हा मुद्दा. गावातले घर हे उत्तर सोपे वाटते, पण मला ते मान्य नाही. मयत तुमच्या भावकीतला होता. त्याची विधवा आणि मुले त्याच वाडीत, कदाचित त्याच पाणवठ्यावर असतील. स्थानिक पोलीस अहवाल देताना तिकडचे म्हणणेही ऐकतात, आणि त्यांचा आक्षेप आला की रजा अडते. पण रजा अडेल म्हणून मी हे सांगत नाही. ज्या बाईने नवरा गमावला, तिच्या दारावरून तो माणूस सकाळी दूध घालायला जाताना तिला दिसावा, हे तिच्यावर लादणे बरोबर नाही. दादावर तुमचे प्रेम असणे आणि त्या घरावर काय कोसळले याची जाणीव ठेवणे, या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात. त्या राहिल्या नाहीत, तर पहिलीही फार दिवस शुद्ध राहत नाही. तेव्हा रजेत त्याने तुमच्याकडे पुण्याला राहावे, आईला तिथेच आणावे, आणि वहिनीने होकार दिला तर मुलाला दोन दिवस बोलवावे, असे माझे मत आहे.

आणि इथेच तुमच्या दोन प्रश्नांची गाठ पडते. जामीनपत्रावर राहण्याचा पत्ता लिहावा लागतो, आणि तो पत्ता दादाला ठाऊक नाही.

घर घेतल्याचे लपवले, यात तुम्ही जगावेगळे काही केलेले नाही. तुरुंगात असलेल्या माणसाची भावंडे दुःखापेक्षा सुख जास्त लपवतात, असा माझा अनुभव आहे. बढती, गाडी, बाळाचे बारसे, सहल. तो आत भाकरी आणि डाळ खात असताना आपण हॉटेलात जेवलो हे सांगायचे तरी कसे, असे वाटते. पहिल्या वेळी एक गोष्ट राहून जाते, दुसऱ्या वेळी आधीची का सांगितली नाही हे सांगावे लागेल म्हणून दुसरीही राहते, आणि वर्षभरात अशी वेळ येते की मुलाखतीत बोलण्यासारखे उरते ते फक्त ‘जेवलास का’ आणि ‘तब्येत बरी आहे ना’. मग जाणेच नकोसे होते. ‘वेळ मिळत नाही’ हे आपण स्वतःला दिलेले कारण असते. तुम्ही दोन वर्षे गेला नाहीत, त्यामागे कामाच्या धावपळीपेक्षा हे न सांगितलेले घर जास्त असावे, असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर सोडून द्या.

पण ही गोष्ट आतल्या माणसाला कळत नाही, असे समजू नका. तुरुंगाच्या भिंती उंच असल्या तरी बातमी त्यांवरून जाते. न्यायालयाच्या तारखेला भेटलेला गाववाला, नव्याने आत आलेला शेजारच्या गावचा पोरगा, दुसऱ्या बंद्याला भेटायला आलेली मावशी. माझ्या माहितीतल्या दोन बहिणींपैकी थोरली आत होती आणि धाकटी सरकारी नोकरीला लागली. थोरलीला वाईट वाटेल म्हणून धाकटीने ते तीन वर्षे सांगितले नाही. एके दिवशी थोरलीला ते बराकीत नव्याने आलेल्या बाईकडून कळले. त्यानंतर तिने धाकटीला भेटायला नकार दिला. तिने मला सांगितले ते शब्द माझ्या लक्षात आहेत : ‘ती मोठी झाली याचं मला सुखच होतं की. पण तिच्या सुखाला माझी दृष्ट लागेल असं तिला वाटलं, ते मला खातंय.’ नोकरी लपवणारीच्या मनात असे काहीही नव्हते. पण न बोललेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याचे काम आपण समोरच्यावर टाकतो, आणि आतल्या माणसाकडे अर्थ लावत बसायला फार वेळ असतो.

दादाला घराची बातमी आधीच लागली असण्याचीही शक्यता आहे. कदाचित म्हणूनच त्याने तुमचे नाव दिले असेल. कदाचित नसेलही. तुम्ही सांगाल तेव्हा हे दोन्ही मनात धरूनच सांगा.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो, कारण तिच्यात दोन वर्षांच्या अनुपस्थितीपेक्षा जुने काहीतरी आहे. एकाच आईची दोन मुले, एक इथे आणि एक तिथे, असे कसे, हा प्रश्न तुम्हाला लोकांनी विचारला असेल आणि तुम्ही स्वतःलाही विचारला असेल. लोक याचे उत्तर स्वभावात शोधतात. लहानपणापासून तापटच होता, म्हणतात. मी एवढ्या वर्षांत पाहिलेल्या भावंडांच्या जोड्यांत स्वभावाचा वाटा असतोच, पण रस्ते वेगळे होण्याची जागा पुष्कळदा तुरुंगाच्या कितीतरी आधी असते. तुमच्या बाबतीत ती दहावीच्या निकालाच्या महिन्यात होती. त्या महिन्यात ठरले की एक जण जमिनीपाशी राहील आणि दुसरा तिच्यापासून दूर जाईल. दादाने तुमच्या वाट्याची शेतीही केली, म्हणून तुमच्या वाट्याचा बांधही त्याच्याच अंगावर आला. दर नांगरटीला तो बांध दोन बोटे सरकतो, मोजणीचा अर्ज होतो, मोजणीच्या दिवशी समोरचा माणूस हजर राहत नाही, पुढच्या पावसाळ्यात पाणी कोणाच्या सरीतून जाईल यावरून पुन्हा बाचाबाची होते. ही धुसफुस वर्षानुवर्षे रोज पाहणारा तो होता. तुम्ही ती दिवाळीच्या सुट्टीत ऐकत होता.

हे सांगताना मला दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहायची आहे. त्या दिवशी हात उगारला तो दादाने. शेती सांभाळणारी, बांधावरून भांडणारी हजारो माणसे कोणाच्या डोक्यात काही घालत नाहीत. न्यायालयाने त्याला दोषी धरले आहे आणि त्या कृत्याची जबाबदारी त्याचीच आहे. तुम्ही ती वाटून घेऊ शकत नाही, घेऊही नका. तुमचे त्याच्याकडे देणे आहे, ते शिक्षणाचे. ते खरे आहे आणि मोठे आहे. पण ते देणे म्हणजे त्याच्या गुन्ह्यातला तुमचा हिस्सा नव्हे. ही दोन खाती तुमच्या मनात मिसळली आहेत, असे मला तुमचे पत्र वाचताना वाटले. शिक्षणाच्या ऋणामुळे तुम्ही मनिऑर्डर करता आणि गुन्ह्याच्या ओझ्यामुळे भेटीला जात नाही. ज्या दिवशी ही खाती वेगळी होतील, त्या दिवशी ‘कोणत्या तोंडाने’ हा प्रश्न राहणार नाही. ज्या माणसाने तुम्हाला शिकवले त्याला भेटायला धाकट्या भावाच्या तोंडाने जाता येते.

मनिऑर्डर चालू ठेवा. ती रक्कम बंद्याच्या खात्यात जमा होते आणि तो तिच्यातून कँटीनमधल्या साबण-तेलासारख्या वस्तू घेतो. ज्यांना बाहेरून काहीच येत नाही, त्यांना आत दुसऱ्याची कामे करून गरज भागवावी लागते. पण मनिऑर्डरची पावती हे पत्र नव्हे. पावतीवर सही करताना त्याला एवढेच कळते की धाकटा जिवंत आहे आणि कर्तव्य विसरलेला नाही. भावंडांच्या नात्याला एवढे पुरत नाही, कारण आईबाप आणि मुले यांच्यासारखे ते एका दिशेने वाहणारे नाते नाही. दोघांनी एकमेकांना काही दिले आणि मागितले, तरच ते टिकते. तुम्ही गेली पाच वर्षे फक्त देत आहात. त्याच्याकडे काही मागत नाही, म्हणून तो हळूहळू तुमचा थोरला राहिलेला नाही. तुमच्या मदतीवर असलेला माणूस झाला आहे. त्यालाही हे कळत असणार.

म्हणून माझा आग्रह असा की त्याच्याकडे सल्ला मागा, आणि ज्या गोष्टीत तो तुमच्यापेक्षा खरोखर जाणता आहे त्याच गोष्टीत मागा. शेती सध्या कोणाकडे आहे? वाट्याने दिली आहे की पडीक आहे? उसाची आडसाली लावण करावी की सोयाबीन घ्यावे, विहिरीचा गाळ या उन्हाळ्यात काढावा का, वाटेकऱ्याला किती हिस्सा द्यावा, हे त्याला विचारा आणि त्याने सांगितले ते करून त्याला कळवा. आतल्या माणसाला बाहेरच्या जगात आपल्या शब्दाने काहीतरी हलले, हे कळण्याइतके दुसरे काही उभारी देत नाही. कळंब्यातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या मंदिरासाठी प्रसादाचे लाडू बनवण्याचे काम केलेले आहे. त्या काळात एका बंद्याची बहीण मंदिरात जाऊन दोन लाडू घेऊन आली आणि पुढच्या मुलाखतीत त्याला म्हणाली, ‘तुझा लाडू खाल्ला, वेलची जरा कमी पडली.’ तो हसला आणि मग पुष्कळ वेळ बोलत राहिला. तिने त्याची दया केली नाही, त्याच्या कामात चूक काढली, आणि एवढ्यानेच तो पुन्हा तिचा भाऊ झाला.

जमिनीचा विषय निघाला आहे, तर एक कळकळीची सूचना. या रजेच्या काळात दादाकडून जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही घेऊ नका, आणि कोणी ‘आता आलाच आहे तर उरकून टाका’ म्हणाले तरी ऐकू नका. वकिलाच्या खर्चासाठी झालेले कर्ज, गहाण पडलेले क्षेत्र, मुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, हे सगळे प्रश्न खरे असतात. पण थोड्या दिवसांसाठी मोकळ्या हवेत आलेला माणूस कशावरही सही करतो, कारण त्याला त्या दिवसांत कोणालाही नाराज करायचे नसते. नंतर आत गेल्यावर तो त्याच कागदाचा विचार वर्षभर करतो. ज्या घरांत भावाभावांचे कायमचे तुटले, त्यांपैकी बहुतेकांत गुन्हा हे कारण नव्हते. अशा घाईत घेतलेली सही हे होते. गरजच पडली, तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३८ नुसार तुरुंगातल्या माणसाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हजर राहण्यापासून सूट आहे आणि त्याचा जबाब तुरुंगात जाऊन नोंदवून घेता येतो. म्हणजे सावकाश, त्याच्या वकिलाला विचारून, विचार करायला महिना देऊन ते करता येते. तोपर्यंत एक वही करा. वकिलाला किती दिले, मनिऑर्डरी किती, शेतीतून काय आले, वहिनीला काय पाठवले, सगळे तारखेनुसार लिहा आणि रजेत ती वही त्याच्यासमोर ठेवा. हिशेब मागणे त्याला अवघड जाईल. तुम्ही न मागता दाखवलात, तर त्याचा मान राहतो.

पुतण्याबद्दल तुम्ही फक्त एक वाक्य लिहिले आहे. वहिनीशी तुमचे बोलणे असेल, तर तिला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन बालसंगोपन योजनेची चौकशी करायला सांगा. पालक तुरुंगात असलेल्या मुलांचाही तिच्यात विचार होतो. आणि तिला दादाकडे परत यायचे आहे की नाही, हे तिच्यावर सोडा. दीर म्हणून मध्यस्थी करण्याचा मोह तुम्हाला होईल. या रजेत तो टाळा.

आईच्या ‘सांगू नको’बद्दल मला थोडे कठोरपणे बोलावे लागेल. आईचे मन मला कळते. पण अशा घरांत ‘सांगू नको’ घराच्या बातमीवर थांबत नाही. उद्या ते आईच्या स्वतःच्या आजारपणापर्यंत जाते. मी असे बंदी पाहिले आहेत, ज्यांना आईच्या शेवटच्या आजाराची खबरच दिली गेली नाही, कारण ‘तो तिथे बसून काय करणार होता?’ तो करू शकत होता. आईवडिलांच्या गंभीर आजारासाठी अभिवचन रजेचा अर्ज करता येतो. त्यासाठी वैद्यकीय कागद लागतात आणि चौकशीला वेळ लागतो, म्हणूनच खबर लवकर द्यायची असते. ती दिली नाही, तर त्याला मिळते ती मृत्यूनंतरची रजा. तेव्हा आईचा रक्तदाब, साखर, मोतीबिंदू, जे काही असेल ते त्याला कळू द्या.

तुमच्या पत्नीच्या भीतीला मी चुकीची म्हणणार नाही. लग्न करून आली तेव्हा कदाचित तिने त्याला घरचा कर्ता म्हणून पाहिले असेल आणि नंतर वर्तमानपत्रात. आता घरात लहान मूल आहे. तिला ‘तो तसा नाही’ असे पटवत बसू नका. तिच्या अटी विचारा. सोसायटीत काय सांगायचे, रजेतले दिवस तिने काही काळ माहेरी घालवायचे का, रात्री आई कोणत्या खोलीत झोपेल, दादा आणि जुने मित्र घरात बसणार का, हे आधी दोघांत ठरवा आणि ठरले ते दादालाही सांगा. ज्याला पाच वर्षे बराकीत घंटेवर उठायची सवय झाली आहे, त्याला नियमांचा राग येत नाही. नियम न सांगता तोंड फिरवल्याचा येतो. तुमच्या मुलीला, ती विचारील तेव्हा, काका दुबईला होते असे सांगू नका. काकांच्या हातून मोठी चूक झाली, एक माणूस त्यात गेला, म्हणून त्यांना शिक्षा आहे आणि ती संपेपर्यंत ते मधूनमधून येतील, एवढे पुरे. मुले वाक्य जसे आहे तसे घेतात. मोठ्यांचा आवाज चोरटा झाला की मगच ती घाबरतात.

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. मुलाखतीची नोंदणी ई-प्रिझन्स या कारागृहांच्या सरकारी संकेतस्थळावरून करता येते, आणि पुण्याहून निघण्याआधी तुमच्या दिवसाला मुलाखत आहे ना, याची खात्री फोनवरून करा. आधार कार्ड बरोबर ठेवा. वेळ थोडा असतो, पंधरा-वीस मिनिटे, आणि मध्ये काच किंवा जाळी असते. एवढ्या वेळात दोन वर्षे मावत नाहीत. घराची बातमी तुम्ही तिथेच पहिल्यांदा फोडलीत, तर घंटा होईल आणि तो अर्धे ऐकून बराकीत परत जाईल, जिथे रात्रभर त्याला ती उलटसुलट करायला कोणी सोबतीला नसेल. म्हणून आधी पत्र लिहा आणि ते पोहोचल्यानंतर आठवड्याच्या आत भेटीला जा. त्याहून उशीर नको. टपाल कारागृहात उघडून वाचले जाते, त्यामुळे खटला, अपील, साक्षीदार यांबद्दल त्यात एक शब्दही नको. घरचे लिहा. घर कधी घेतले, कर्ज किती आहे, खिडकीतून काय दिसते, आई आली की कुठे झोपते. आधी का कळवले नाही, हे एका वाक्यात लिहा आणि ते वाक्य आईवर ढकलू नका. येणे का थांबले, हेही लिहा. क्षमा मागायची तर एकदाच मागा. पत्रभर मागितलीत, तर समजूत काढण्याचे काम त्याच्यावर पडेल.

तो चिडेल, हे धरून चाला. कदाचित मुलाखतीला येणारच नाही, कदाचित येऊन गप्प उभा राहील. गप्प राहिला, तर तुम्हीही घाईने बोलून ती वेळ भरू नका. वेळ संपेपर्यंत तिथेच थांबा आणि पुढची तारीख सांगून निघा. रजेच्या अर्जावर चौकशी होऊन निर्णय यायला वेळ लागतो, त्यामुळे एक भेट वाया गेली तरी दुसरीला वाव आहे. पोलीस ठाण्याला मात्र टाळाटाळ करू नका. ‘भावाला भेटून या तारखेपर्यंत लेखी कळवतो’ असे स्पष्ट सांगा आणि ती तारीख पाळा.

पत्रासाठी आंतरदेशीय घ्या. त्याच्या घड्यांमध्ये आपोआप मर्यादा पडते आणि माणूस मुद्द्याचे लिहितो. मजकूर झाला की ते बंद करा आणि मागच्या बाजूला, पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता लिहायच्या ओळींवर, गावचा पत्ता न लिहिता पुण्याच्या घराचा पूर्ण पत्ता लिहा. इमारत, मजला, पिन कोड सगळे, तुमच्या स्वतःच्या अक्षरात. ते अक्षर गिरवायला त्यानेच तुम्हाला शिकवले असेल, तर मजकूर वाचण्याआधी तो ते ओळखेल.